याकोबकाकांचा बगळा

हे मी लिहिणारच नव्हते. खरंच. टाइपरायटरला लावलेला कागद ओढून चुरगाळलासुद्धा. आपल्या श्रीरामपूरच्या कॉलेजच्या अंकात बेलापूरच्या एका सुताराबद्दल, तेही चिनी कुस्तीबद्दल, कोण वाचणार? पण परवा काकांचा सुजलेला गुडघा बघून आले आणि राहवेचना.

याकोबकाका साठीचे. तरुणपणी कलकत्त्याला गेले आणि एका चिनी मिस्त्रीच्या हाताखाली सुतारकाम शिकले. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तो मिस्त्री अंगणात कुंगफू शिकवायचा. काकांनी दोन्ही विद्या उचलल्या. बासष्टच्या चीनच्या लढाईत पोलीस मिस्त्रीला चिनी म्हणून घेऊन गेले. तो परत आला नाही, मग काका गावी आले. गावात तेव्हा चीनचं नाव काढायची सोय नव्हती. काका नुसतं सुतारकाम करत राहिले.

मला हे काहीच माहीत नव्हतं. चर्चच्या पेटीचं झाकण दुरुस्तीला घेऊन गेले, तर फळ्यांच्या मागे काका एका पायावर उभे! हात दोन्हीकडे पसरलेले, बोटं चोचीसारखी जुळवलेली, डोळे कुठेतरी लांब.

"काका, बरं वाटत नाही का?"

"बगळा हाय पोरी. हलू नको, उडंल."

आणि मी खरंच हलले नाही हो! श्वाससुद्धा रोखून धरला.

मग त्यांनी एकेक जनावर दाखवलं. आधी घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहिले. "ह्ये जोतं. समद्यांचं येकच. वरची भिंत ज्येची त्येची." वाघ म्हणजे पंजा, सगळा जोर हाडांत, सरळ अंगावर जाणार. बिबट्या वाघाचाच भाऊ, पण हलका, मूठ अर्धीच मिटलेली, मारून लगेच बाजूला. साप अडवत नाही, समोरच्याच्या हाताला वेढे घालत वर चढतो. आणि बगळा भांडणच टाळतो, अंग काढून घेतो, मग एकच चोच. "अन् चिन्यांचा ड्रॅगन?" मी विचारलं. "त्यो कुनी बघितलाय? म्हून शेवटी शिकिवत्यात. माजी पाळी आलीच न्हाई."

माणूस तोच, पण प्रत्येक वेळी पाठ वेगळी, मान वेगळी, नजर वेगळी!

काकांना एकच घोर होता. उजवा गुडघा कुरकुरत होता आणि बगळा अजून कुणाला दिला नव्हता. शिकवायला मऊ जागा हवी, ती फक्त तालमीत. म्हणून ते कारभारी वस्तादांकडे गेले.

वस्ताद भडकले. "चिन्यांनी आपली पोरं मारली, अन् तू त्यांच्या उड्या हितं मारनार?"

"वस्ताद, बगळा काय चिन्यांचा हाय व्हय? तुमच्याच मळ्यात रोज उभा ऱ्हातो."

वस्ताद हसले, पण अट घातली. त्यांच्या मच्छिंद्र पैलवानाशी एक कुस्ती. काकांची पाठ लागली तर विषय बंद.

बाईमाणसाला तालमीत जाता येत नाही. मी शेजारच्या केशरबाईंच्या धाब्यावर चढले. वरून कुस्तीचा सगळा मातीचा हौद दिसत होता. काकांनी माती कपाळाला लावली. "करवत आनली का काका?" कुणीतरी ओरडलं.

मच्छिंद्र वाघासारखा आला. काका बगळा झाले. त्याचे हात नुसते हवेत! पुन्हा आला, तर काकांचा हात त्याच्या मनगटावरून सरसर कोपरापर्यंत. आणि मग काका आपणहून खाली गेले, पाठीवर.

"चितपट! चितपट!" टोप्या उडाल्या. तालमीत पाठ टेकली की पुढचं कुणी बघतच नाही. पण मी वरून बघत होते. काकांचा एक पाय मच्छिंद्राच्या घोट्यामागे अडकला होता आणि दुसऱ्या पायाची टाच त्याच्या गुडघ्याला टेकून थांबली होती. नुसती दाबली असती तर! मच्छिंद्र जागचा हलला नाही. विजयाचा हातही वर केला नाही.

वस्ताद म्हणाले, विषय बंद. काका लंगडत घरी गेले. गुडघा त्या वळणातच पिरगळला होता.

दुसऱ्या दिवशी मच्छिंद्र दुकानात हजर. "काका, दाबलं का न्हाई?"

"तुज्या गुडघ्यावर तुजं पोट हाय. माजा तर गेलाच."

तेव्हापासून तो तिथेच, भुश्शावर शिकतो. वाघ बसला, बिबट्या बसला, सापही येतोय. पण बगळा? एवढं मोठं धूड एका पायावर डुलतं आणि पडतं! "ह्यो बगळा न्हाई, बदक हाय," काका खो खो हसले. मग रंधा उचलला आणि हळूच म्हणाले, "बगळा माज्याबरूबर जानार बग."

परवा ते बाकाला धरून उभे राहिले. पाय उचलला, हात पसरले. क्षणभर तोच बगळा! मग पाय खाली आला.

तुमच्यात कुणी हलक्या अंगाचं असेल, मुलगा असो की मुलगी, श्रीरामपूरहून बेलापूर काही लांब नाही. याकोबकाकांना भेटा. बाकाला धरून का होईना, ते उभे राहताहेत तोवर जा. या आठवड्यातच जा.