आधीचा घास

रुखमाबाई माझी मोठी जाऊ. आसगावात आमचं घर एक, धानाची शेती एक, चुली मात्र दोन. तिचा नवरा टेकचंद, म्हणजे माझे भासरे, जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला होते. तिथं त्यांना क्वार्टर मिळालं होतं आणि त्या क्वार्टरात दुसरी बाई राहत होती. साऱ्या गावाला ठाऊक होतं, रुखमाबाईलाही होतं. पण शनिवारी संध्याकाळी ते गावी यायचे, तिच्या हातचं जेवायचे, आणि तेवढ्यावर ती आठवडा काढायची. मी असते तर ताट फेकून मारलं असतं. पण भासऱ्यासमोर डोईवरचा पदर सरकू द्यायचा नाही, तिथं बोलणार काय, कपाळ!

पंचाहत्तर साली बाजाराच्या मैदानात तंबूचा सिनेमा आला. बैलबंडीवर भोंगा लावून एक माणूस ओरडत फिरला, "परस्त्रीच्या नादी लागणाऱ्याची काय गत होते ते पाहा! खून! थरार!" रुखमाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, ते पुन्हा उचललंच नाही.

शनिवारी ती नवऱ्याला म्हणाली, "चाला ना जी. सारं गाव जाऊन राह्यलं."

भासरे चक्क हो म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा नवरा तिला कुठं नेत होता. मीही सोबत निघाले. वाटेत ती माझ्या कानाशी लागली, "भोंग्यावर सांगतलं तसं डोळ्यानं पाह्यलं, तं त्याईले भेव वाटन. मंग येतीन घरी."

अर्धा सिनेमा बरा होता. त्यातला साहेब बायकोला थापा मारून दुसरीकडे जायचा आणि बायको दारात वाट पाहायची. बायकांची आणि पुरुषांची बाजू वेगळी, मधे दोर बांधलेला. रुखमाबाई पडद्याकडे कमी आणि दोराच्या पलीकडे जास्त पाहत होती. मध्यंतरात भासऱ्यांनी आमच्याकडे फुटाण्यांचा पुडा पाठवला, तर केवढी हरखली बिचारी.

पुढे त्या सिनेमानं माती खाल्ली. साहेबाची दुसरी बाई मेली. पोलीस आले, कारण नसताना एक गाणं आलं, काळ्या चष्म्याचा एक माणूस उगाच दारामागून डोकावत राहिला, आणि शेवटी कळलं काय, तर खून बायकोनंच केला! दुधात विष कालवून. पुढचा पेला म्हणे नवऱ्यासाठी होता. तिला बेड्या पडल्या आणि तो नालायक साहेब गळा काढून रडायला लागला. लोक शिव्या घालत उठले. ज्यानं कोणी तो लिहिला, त्याला मी अजून घालते.

घरी आल्यावर रुखमाबाईनं दूध तापवलं, पेला नवऱ्यापुढे ठेवला.

"आता तं तुह्या हातचं प्याले भेव वाटते," भासरे हसून म्हणाले.

तीही हसली. थट्टाच होती. पण पुढच्या शनिवारी त्यांनी हसत हसतच ताट बाजूला सारलं. मग येणंच कमी झालं, मग बंद. जवाहरनगरात गावच्या कोणी विचारलं तर म्हणायचे, "तुमी पिक्चर नाही पाह्यला का?" की सगळे खो खो हसायचे. त्यांना निमित्त हवंच होतं, आणि तिनं स्वतः नेऊन ते त्यांना दाखवलं होतं. त्या विचारानं ती वाळत गेली.

चौऱ्याऐंशी साली भासऱ्यांना लकवा झाला. क्वार्टरातल्या बाईनं त्यांना गाडीत घालून आमच्या दाराशी आणून सोडलं. रुखमाबाईनं त्यांना आत घेतलं. पेज केली, उशाशी बसली, चमचा त्यांच्या तोंडाशी नेला आणि थबकली. मग तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला, गिळला, तोंड उघडून त्यांना दाखवलं, आणि तेव्हा दुसरा त्यांना भरवला. त्यांनी खाल्ला.

माझ्यानं राहवलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी भासऱ्याशी बोलले. "तो पिक्चर होता जी. हे तुमची बायको हाये."

त्यांचे डोळे भरून आले. जीभ लुळी पडली होती, काय म्हणायचं होतं कोण जाणे. संध्याकाळी तिनं पुन्हा पहिला चमचा स्वतः घेतला.

त्याच वर्षी उन्हाळ्यात भासरे गेले. पुढे दिवाळीला तिनं मला जेवायला बोलावलं. ताट वाढलं, त्यातला एक घास आधी आपल्या तोंडात घातला आणि मग ताट माझ्यापुढे सरकवलं.