आईसमोर दोन मिक्स

सारंगखेड्यात घरीच स्टुडिओ चालवणारा हा माणूस प्रत्येक गाण्याचं शेवटचं मिक्स दोनदा काढतो: आधी जुन्या टेपमशीनवर, मग कॉम्प्युटरवर. त्याचा जीव टेपवर. म्हणूनच निवड करताना म्हणतो, "मन्हा कान लबाड शेतस," म्हणजे टेपचीच बाजू घेणारे आहेत. आणि दोन्ही मिक्स भाकरी थापणाऱ्या आपल्या आईला ऐकवतो.

माझ्या थकलेल्या वडिलांची बासरीही त्याने तशीच ऐकवली. टेपच्या खरखरीत त्यांची धाप बुजली होती. आईच्या थापा चालूच राहिल्या. कॉम्प्युटरवर धाप स्पष्ट आली, तसे तिचे हात थांबले.

"हाईच ठेव. यामा माणूस शे."

त्याने टेपमशीनवर फडकं टाकलं. मी खरं तर धाप पुसून टाका, असं सांगायला आलो होतो. ते न सांगताच हलका होऊन घरी गेलो.