इद्रीसभाईंची मुकी मशीन

इद्रीसभाई सोलकर सुट्टीच्या दिवशी डोंगरात सोनं शोधायला जातात, हे शारजातल्या त्यांच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं. ते मिळत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. लिफ्टमध्ये भेटणारा माणूस त्यांच्या हातातल्या लांब दांड्याकडे आणि दांड्याच्या टोकाला बसवलेल्या थाळीएवढ्या तबकडीकडे बघायचा आणि आजाऱ्याची चौकशी करावी तशा हळू आवाजात विचारायचा, "काय इद्रीसभाई, काही?"

"इन्शाल्ला, पुढच्या वेळी," इद्रीसभाई म्हणायचे. तेवढ्यात त्यांचा मजला यायचा आणि दोघंही सुटायचे.

म्हसळ्याजवळच्या गावातून मिसरूड फुटताना आलेला हा माणूस आता साठीला टेकला होता. सगळी उमेद शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका गॅरेजात रेडिएटर दुरुस्त करण्यात गेली. आखातातल्या उन्हाळ्यात रेडिएटरवाल्याला मरायलाही सवड नसते. इतरांच्या गाड्या थंड ठेवता ठेवता इद्रीसभाई स्वतः आतून बाहेरून उकडून निघाले होते. संध्याकाळी घरी आले की सोफ्यावर बसायचे नाहीत, सांडायचे. मैमुनाबी चहा आणायच्या, तोवर त्यांचा डोळा लागलेला असायचा. चहा थंड व्हायचा. मैमुनाबी तो परत गरम करायच्या आणि स्वतः प्यायच्या. असा त्यांचा संसार वर्षानुवर्षं अगदी सुखात चालला होता.

या दमलेल्या माणसाच्या डोक्यात सोनं घातलं ते मोबाईलनं. त्यावर एक दाढीवाला ऑस्ट्रेलियन गोरा ओसाड माळावर तबकडी फिरवत चालतो, मशीन टूं करते, गोरा वाकतो, कुदळीनं दोन घाव घालतो आणि चिमटीत सोन्याचा खडा धरून हसतो. सगळा मामला चहाच्या एका कपात आटोपतो. त्या एका खड्यासाठी तो आधी किती वर्षं नुसता वाकत होता, ते व्हिडिओत नव्हतं. इद्रीसभाईंनी तो माळ बघितला. दगड करपलेले, झाड औषधाला नाही, ऊन डोक्यात जाणारं. "हे तर आपले खोर फक्कानचे डोंगर!" ते म्हणाले. सोनं जमिनीत असतं आणि जमीन दोन्हीकडे सारखीच भाजलेली आहे, एवढा भूगोल त्यांना पुरला.

मशीन आली. किंमत त्यांनी दिरहममध्ये सांगितली, मैमुनाबींनी मनातल्या मनात तिचे रुपये केले आणि दोन दिवस त्या बोलल्या नाहीत.

तेव्हापासून दर सुट्टीला इद्रीसभाई आपली म्हातारी गाडी घेऊन खोर फक्कानच्या अलीकडे डोंगरातल्या कोरड्या ओढ्यात जायचे. त्या ओढ्यांना तिकडे वादी म्हणतात. पाऊस पडलाच तर त्यातून पाणी धावतं, एरवी लोक धावतात, कोंबडी भाजायला. त्यामुळे इद्रीसभाईंच्या मशीनला जमिनीखाली जे ऐकू यायचं ते सगळं सहलीला आलेल्यांनी टाकलेलं असायचं. तंबूचे खिळे, सळया, एकदा एक चमचा. आणि सगळ्यात जास्त म्हणजे थंड पेयाच्या डब्यांच्या कड्या. झाकण उघडताना बोटात अडकवून ओढायची, ती अॅल्युमिनियमची कडी. मशीन ओरडायची, इद्रीसभाई गुडघे टेकायचे, उकरायचे, फुंकर मारायचे, कडी. उठताना दोन्ही हातांनी स्वतःला वर ओढायचे. पुन्हा चार पावलं, पुन्हा टूं, पुन्हा गुडघे, पुन्हा कडी.

शेवटी गुडघ्यांनी संप केला. गॅरेजातला इलेक्ट्रिशियन जहूर म्हणाला, "इद्रीसभाई, मशीन को बोलो ना, इस चीज पे चुप रहो!" मशीनमध्ये तशी सोय होतीच. नको असलेली वस्तू तबकडीखाली धरायची, बटण दाबायचं, की त्या आवाजाला मशीन पुन्हा तोंड उघडत नाही. जहूरनं एक कडी धरली, बटण दाबलं. मशीन गप्प झाली. त्या दिवसापासून इद्रीसभाई वादीत सरळ पाठीनं फिरू लागले. अधूनमधून एखादा खिळा वाजायचा तेवढंच. अशी वर्षांमागून वर्षं शांततेत गेली, आणि ही शांतता आपण गुडघ्यांसाठी करून घेतली होती, हेसुद्धा ते हळूहळू विसरले.

आता व्हिसा संपत आला होता. पुढच्या महिन्यात कायमचं गावी जायचं. मुलगा फैज आणि सून यम्ना इथंच राहणार होते. घरात पेट्या भरल्या जात होत्या. इद्रीसभाईंनी मशीन पेटीत ठेवली, मग काढली, भिंतीला टेकवली, संध्याकाळी पुन्हा पेटीत ठेवली. मैमुनाबी कांदा चिरत बघत होत्या.

"गावी काय शोधणार हिनं? विहिरीत पडलेली कळशी?" त्या म्हणाल्या.

त्यांना वाटलं, आता नेहमीचं उत्तर येईल. पण इद्रीसभाई नुसते "हं" म्हणाले आणि दांडा पुसत बसले. सहा वर्षांची नात नबिला आली. तिचा ठरलेला प्रश्न होता, "दादा, एनी गोल्ड?" आणि ठरलेलं उत्तर होतं, "नेक्स्ट टाइम, बेटा." त्या दिवशी इद्रीसभाई "नेक्स्ट" म्हणाले आणि थांबले. पुढचे टाइम फारसे उरले नव्हते.

मैमुनाबींचा कांदा चिरून झाला होता, तरी त्या डोळे पुसत होत्या. एवढी वर्षं त्यांनी या मशीनला सवत म्हणून शिव्या घातल्या होत्या. पण हा माणूस इथून एकदाही ती मनासारखी न वाजता परत जाणार, ही गोष्ट काही त्यांना गिळवेना.

दुसऱ्या दिवशी त्या यम्नाला घेऊन बर दुबईला गेल्या. मीना बाजाराच्या मागच्या गल्लीत, एका कापडाच्या दुकानावरच्या खोलीत विजयकुमार नावाचा विट्याकडचा गलाई कारागीर बसतो. जुनं सोनं आटवून देणं हा त्याचा पिढीजात धंदा. मैमुनाबींनी रुमालाची गाठ सोडून एक बाळी पुढे ठेवली. तिची जोडीदारीण मुलीच्या, अरफाच्या, लग्नाच्या गर्दीत हरवली होती. तेव्हापासून ही एकटीच कपाटात पडून होती.

"आटवून काय करायचं, चाची? अंगठी?"

"काही करायचं नाही. नुसता गोळा द्या."

"बिस्कीट पाडतो मग छोटं."

"बिस्कीट नको. चौकोनी कशाला? ओबडधोबड द्या. डोंगरात सापडल्यासारखा दिसला पाहिजे."

विजयकुमारनं डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर चढवला. "चाची, आमच्या आज्यापासून लोक ओबडधोबड घेऊन येतात आणि साजरं मागतात. तुम्ही साजरं आणून... कुणाला विकायचा विचार नाही ना? मी यात नाही बरं."

"विकायचा कशाला? पुरायचाय."

हे ऐकून तो जास्तच घाबरला. तेव्हा यम्ना मध्ये पडली. "सासऱ्यांना सरप्राइज आहे हो! ते गोल्ड शोधतात. अजून मिळालं नाही, म्हणून अम्मी..." विजयकुमार दोघींकडे बघत राहिला आणि मग इतका हसला की मुशीखालची ज्योत हलली. त्यानं बाळी वितळवली आणि तो रस सरळ पाण्यात सोडला. चर्र झालं. तळाशी हरभऱ्याएवढा, खाचाखाचांचा, वेडावाकडा खडा बसला होता.

"माती लावून देऊ?"

"ती मी लावते," मैमुनाबी म्हणाल्या. "तुमची दुबईची माती तिकडे चालायची नाही."

सुट्टीच्या दिवशी इद्रीसभाईंनी गाडीची किल्ली घेतली, तर मैमुनाबी चटई, थर्मास आणि सांदणांचा डबा घेऊन दारात उभ्या.

"तू कुठे?"

"आता जाणं संपत आलं ना? मग बघू तरी कुठे एवढी वर्षं घातलीत."

वादीत पोचेपर्यंत गाडी तापली. आयुष्यभर रेडिएटर सांभाळणाऱ्याची स्वतःची गाडी दर घाटात वाफ सोडायची. इद्रीसभाई बॉनेट उघडून पाणी ओतत होते, तेवढ्यात मैमुनाबी लगबगीनं एका बोरीच्या झाडाकडे गेल्या, ओंजळभर खडी बाजूला केली, खडा ठेवला, खडी परत लोटली आणि चटईवर येऊन चेहरा निरागस करून बसल्या. तो त्यांना फारसा जमला नव्हता, पण इद्रीसभाई बघत नव्हते.

ते मशीन फिरवत निघाले. चालताना त्यांचा खांदा एका बाजूला झुकत होता. मैमुनाबींनी नवऱ्याला या कामावर पहिल्यांदाच बघितलं. घरी सोफ्यावर सांडणारा माणूस आणि हा, यांच्यात फरक एवढाच की हा उभा होता.

"फैजचे अब्बा, त्या बोरीखाली बघा ना जरा."

"तिथं कितीदा बघितलंय."

"मी आल्यावर कुठे बघितलंत?"

इद्रीसभाई बोरीखाली आले. तबकडी खडीवरून गेली. तबकडी परत आली. मशीन गप्प.

"थोडं अलीकडे."

अलीकडे गेली. गप्प.

"पलीकडे, हां, त्या पांढऱ्या दगडाजवळ. सावकाश फिरवा हो! झाडू मारताय का?"

"अगं, काही असतं तर ती बोलली असती! तुला काय दिसतंय तिथं?"

मैमुनाबींना काहीच दिसत नव्हतं, तीच तर पंचाईत होती. बोरीखाली सगळीकडे खडी होती आणि पांढरे दगड आता त्यांना तीन-चार दिसू लागले होते. त्या चटईवरून उठल्या, गुडघे टेकले आणि हातांनी खडी उपसू लागल्या. एका जागी, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"मैमुना, काय शोधतेस?"

"काही नाही."

"मग उकरतेस काय?"

"बाळी!" त्या ओरडल्या. "माझी बाळी! आटवली मी तिला! तुम्हाला सापडावी म्हणून पुरली, आणि ही तुमची बहिरी सटवी तिच्या डोक्यावरून चार वेळा फिरली तरी..."

इद्रीसभाई जागच्या जागी उभे राहिले. काय झालं ते त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला. दमलेल्या माणसाच्या डोक्यात गोष्टी जिन्यानं चढतात. मग ते म्हणाले, "तुझी अंगठी दे."

मैमुनाबींनी बोटातली अंगठी दिली. त्यांनी ती खडीवर ठेवली आणि वरून तबकडी नेली. मशीन गप्प. खिशातून त्यांनी एक जुनी डब्याची कडी काढली, ती ठेवली. गप्प. पाना ठेवला. मशीन खणखणीत ओरडली.

"कडी आणि सोनं," ते हळूच म्हणाले, "हिला सारखंच ऐकू येतं. कडीला गप्प राहा म्हटलं, तर ही सोन्यालाही..."

ते दगडावर बसले. समोर वादी वळणावळणानं डोंगरात गेली होती आणि त्या प्रत्येक वळणावरून ते पाठ सरळ ठेवून, कान टवकारून, वर्षानुवर्षं फिरले होते. मैमुनाबींनी थर्मास उघडला आणि चहा ओतला. या वेळी इद्रीसभाईंनी तो गरम असतानाच प्यायला.

मग त्यांनी बटण दाबून मशीनचं तोंड उघडलं.

आणि मशीननं इतक्या वर्षांचं सगळं एकदम सांगायला सुरुवात केली. बोरीखालच्या सावलीत बसून लोकांनी काय काय प्यायलं होतं, त्याचा सगळा पाढा तिनं वाचला. टूं, कडी. टूं, कडी. टूं, कडीचा तुकडा. इद्रीसभाई तबकडी फिरवायचे, मैमुनाबी उकरायच्या. त्यांचे गुडघे दुखले की इद्रीसभाई उकरायचे, त्यांचे दुखले की पुन्हा मैमुनाबी. मध्ये दोघांचेही दुखले, तेव्हा सांदणं खाल्ली. कड्यांचा ढीग चटईच्या कडेला वाढत गेला.

"आपल्या लोकांत पाणी पीत नाही का कुणी?" मैमुनाबी कपाळाचा घाम पुसत म्हणाल्या.

ऊन बोरीच्या पलीकडे सरकलं होतं, तेव्हा मशीन पुन्हा वाजली. आवाज अगदी त्या कड्यांसारखाच होता, तसूभरही वेगळा नाही. इद्रीसभाई कंटाळून वाकले, खडी लोटली आणि तसेच वाकलेले राहिले.

"कंबर धरली का?" मैमुनाबींनी विचारलं.

त्यांनी खडा उचलला, थुंकी लावून बोटानं पुसला, चिमटीत धरून उन्हात फिरवला. गोरा हसतो तसं त्यांना हसता आलं नाही. त्यांनी तो मैमुनाबींच्या तळहातावर ठेवला.

"घे. तुझी बाळी."

"ती आता बाळी नाही. तुम्हाला सापडलंय ते."

"तू ठेवलंस म्हणून."

"मग? डोंगरातलं तरी कुणी ठेवल्याशिवाय असतं का?" मैमुनाबींनी खडा त्यांच्या कुडत्याच्या खिशात टाकला आणि वरून खिसा दाबला. मग वादीकडे बघत म्हणाल्या, "जायच्या आधी अजून सुट्ट्या आहेत. आता ही ऐकते. परत बघायचं का सगळीकडे?"

इद्रीसभाईंनी वादीकडे बघितलं. पहिल्या वळणापर्यंतच बघितलं.

"नको."

"आणि असलं तिथं काही तर?"

"असलं तर असू दे. आपले गुडघे राहिले नाहीत."

त्यांनी कड्या एका पिशवीत भरल्या, एकमेकांना हात देऊन उठले आणि तापलेल्या गाडीत येऊन बसले. परतीच्या वाटेवर बोगद्याच्या अलीकडे फोन वाजला. नबिला होती.

"दादा! एनी गोल्ड?"

इद्रीसभाईंचा एक हात स्टिअरिंगवर होता, दुसरा आपोआप खिशावर गेला. ते म्हणाले, "येस."

नबिला म्हणाली, "रिअली? प्रॉमिस?"

इद्रीसभाईंनी फोन मैमुनाबींकडे दिला.

"हो बेटा," मैमुनाबी म्हणाल्या. "वाजली तुझ्या दादांची मशीन. डोकं उठेपर्यंत वाजली."