वसतिगृहाची कडी

लेकीसाठी परराज्यातली दोन कॉलेजं पाहून आलो, पण डोळ्यांसमोरून हलत नाही ती एक सैल कडी. सईला बारावीत बेताचेच मार्क. खासगी कॉलेजची इमारत काचेची, वसतिगृहातल्या खोल्यांच्या कड्याही भक्कम. सरकारी कॉलेजच्या वसतिगृहात मात्र कडी लावून पाहिली, तर ती खुळखुळली. मुलीला दूर पाठवायचं म्हटलं की बापाला ग्रंथालय दिसत नाही, कड्या दिसतात.

सईने दोन्हीकडे एकच प्रश्न विचारला होता, "मागे पडणाऱ्यांना कोण शिकवतं?" खासगीतल्या बाईंनी हसून माहितीपुस्तक पुढे केलं. सरकारीतले सर मोडक्या हिंदीत म्हणाले, "चारनंतर मी इथेच बसलेला असतो. येत जा."

परतीच्या गाडीत तिने कागदावर सरकारी कॉलेज पहिलं लिहिलं. माझा चेहरा बघून म्हणाली, "बाबा, कडी आपण नवीन बसवू ना."

मी मान हलवली. बसवेन, चांगली जाडजूड बसवेन. पण कडी आतून लावायची असते, आणि ती लावेल तेव्हा मी दाराबाहेरसुद्धा नसेन.