रूपकलीचा डावा कान

"माघारी घे तिले, माघारी! मुन्शी चेपून राह्यला तिथी!"

बिच्चू लाकूडतोड्या ओरडत होता, आणि चेपून राहिलेला मुन्शी म्हणजे मी. ओंडक्यांवर छाप मारायचा हातोडा घेऊन आत शिरलो आणि सापडलो. पाठीमागे सागवानाची थप्पी, छातीवर ओंडका, आणि त्याला पलीकडून कपाळ लावून उभी आमच्या डेपोची हत्तीण – रूपकली. माझ्या बरगड्या अशा वाजल्या की धानोऱ्याच्या बाजारात ऐकू गेल्या असतील...

आधीच सांगतो, भुताखेतांना मी मोजत नसे. याच जंगलात वाघाला "बाजूला सरक" म्हणून सायकल काढलेला माणूस मी! स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. चांदा जिल्हा तेव्हा अखंड होता.

रूपकली मलबारची. तिचा माहूत कुट्टी मल्याळीत हुकूम द्यायचा आणि त्याच वेळी मानेवर बसून पायाच्या अंगठ्याने कानामागे दाबायचा. दोन्ही जुळलं तरच ती नीट हले. पावसाळ्यात कुट्टी तापाने गेला. ठेकेदाराने सिरोंच्याचा रामलू आणला. त्याने कुट्टीचे शब्द पाठ केले, पण अंगठा चालवायचा आपल्याकडच्या हत्तींच्या सवयीने. तोंड म्हणे मागे, अंगठा म्हणे पुढे... बिचारी दोघांचं मन राखायची.

रामलूने हुकूम दिला. ओंडका बोटभर आत आला.

"पाय नको लावू, नुसता बोल," मी कण्हलो.

नुसता बोलला – ती ढिम्म. नुसता अंगठा दाबला – ओंडका आणखी आत. शेवटी घाबरून तो खाली उतरला. तेलुगू झालं, हिंदी झालं, बिच्चूने गोंडीत हात जोडले. माझा श्वास सुईच्या नेढ्यातून चालला होता. ओरडायलाही छातीत जागा उरली नव्हती.

आणि मी पाहिलं. तिचे कान एरवी सुपासारखे हलायचे. आता उजवा हलत होता... डावा मात्र मानेला गच्च चिकटलेला, कुणी पाय रोवून धरल्यासारखा. भर दुपारचं ऊन, मान रिकामी. रूपकली पावलापावलाने मागे सरकली – थेट कुट्टी सरकवायचा तशी. ओंडका सुटला, मी मातीत पडलो.

कुणी म्हणतं माशी चावली असेल, कुणी म्हणतं तुझंच डोकं फिरलं होतं. मला आजवर एकही कारण पटलेलं नाही.

पाणी पिऊन मी रामलूला म्हणालो, "चढ आता. ने तिले नाल्यावर."

त्याने तिच्या मानेकडे पाहिलं आणि विडी पेटवली.

"जागा नाई, भाऊ."