माह्यावालं चालणं

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या विहिरीवरचा पंप आपोआप चालू व्हायला लागला तेव्हा शेजारपाजारचे लिंबू-मिरची घेऊन आले होते आणि मी टेस्टर घेऊन. वायर सैल होती. आजही कोणी असले किस्से सांगायला लागलं की मी पहिला प्रश्न विचारतो – वायर बघितली का? तर खाली जे सांगतोय, त्याची वायर मी गेली कित्येक वर्षं बघतोय...

गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी सालची. मी नागपूरला कॉम्प्युटरचं पोस्ट ग्रॅज्युएशन करत होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही. खोली नागपुरातल्याच नंदनवन वस्तीत होती, गाव नरखेड तालुक्यात, घरी संत्र्याचा बगीचा. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबला एसी होता आणि आत जाताना चपला-बूट बाहेर काढावे लागत. धुळीनं मशीन बिघडतं म्हणे. त्या दाराबाहेरची चपलांची रांग एखाद्या देवळाला शोभली असती.

शेवटच्या वर्षाला मी प्रोजेक्ट घेतला – कॉम्प्युटर अ‍ॅनिमेशन. चालणारा माणूस. आज शाळेतली पोरं मोबाइलवर करतात, पण तेव्हा एकेक चित्र आधी ग्राफपेपरवर काढायचं, मग गुडघा कुठे, टाच कुठे, कोपर कुठे, ते आकडे एकेक करून टाइप करायचे आणि फ्लॉपीवर साठवायचे. काळ्या पडद्यावर हिरव्या रेघांचा काडीसारखा माणूस. दोन पावलांना सोळा चित्रं.

मॉडेल म्हणून मी बाबांना घेतलं. दिवाळीच्या सुट्टीत गोठ्याच्या चुना मारलेल्या भिंतीवर गेरूनं चौकटी आखल्या, बाबांच्या गुडघ्याला, घोट्याला, कोपराला लाल चिंध्या बांधल्या आणि त्यांना भिंतीच्या कडेनं चालायला लावलं. "थांबा!" म्हटलं की पाऊल असेल तसं धरून त्यांनी उभं राहायचं, मी चित्र काढायचो. बाबांचा डावा गुडघा अधू होता. फार पूर्वी संत्री तोडताना शिडीवरून पडले होते. डावं पाऊल टाकताना हात मांडीवर दाबायचे आणि जरासे खाली बसल्यासारखे व्हायचे. दोन दिवस मी त्यांना असं नाचवलं. आई शेवटी ओरडली, "काहून जीव घेऊन राहिला गा त्याह्यचा? त्या गुडघ्यात काही हाय का आता?"

"चालू दे वं," बाबा म्हणाले. "कालेजात माह्यावालं चालणं पाहून राहिले लोकं. तुह्यावालं पाहते का कोणी?"

नागपूरला परत आल्यावर सगळे आकडे टाइप केले. गाइड सरांनी पाहिलं आणि म्हणाले, "डाव्या पायात चूक आहे." मी चूक नाही असं म्हणालो नाही. तो आमच्या बाबांचा पाय आहे, असंही म्हणालो नाही. गुपचूप उजव्या पायाचे आकडे डाव्याला लावले. माणूस एकदम सरळ, ऐटीत चालू लागला. लंगडणारी चित्रं फाइलमधून पुसली गेली, फक्त माझ्या ट्रंकेतल्या ग्राफपेपरवर राहिली.

संक्रांतीला गावी गेलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "बाबा, तुमचा पाय नीट केला म्या."

"डाक्टरले नाही जमलं ते तुले जमलं!" ते हसले. मग म्हणाले, "पण मंग तो मी कसा गा?"

मी विषय बदलला. माणूस पडद्याच्या डावीकडून येतो, चालत उजवीकडे जातो आणि प्रोग्राम संपतो, असं समजावून सांगितलं.

"वापस नाही येत?"

"नाही."

"असा कसा जाते मुकाट्यानं? निदान 'येतो' तं म्हनाव त्यानं."

आपल्याकडे घरातून निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही ना, 'येतो'च म्हणतात. बाबा त्याबाबतीत फार कडक. मी हसून म्हटलं, आणीन परत कधीतरी.

परीक्षा मार्चमध्ये होती. बाहेरून एक परीक्षक येणार, त्यांच्यासमोर प्रोग्राम चालवून दाखवायचा. फ्लॉपी मी दोन दिवस आधीच गाइड सरांकडे देऊन ठेवली होती. त्या दिवशी सकाळी साडेनऊला मी लॅबच्या दाराशी मित्रांबरोबर उभा असताना जिन्यावर आवाज आला. एक पाऊल जोरात, एक घासत. मी न बघताच ओळखलं. बाबा संत्री घेऊन मार्केटला आले होते, तिथून तसेच कॉलेजात. धोतर, टोपी, हातात संत्र्यांची पिशवी. लोकांना चपला काढताना बघून त्यांनीही आपल्या काढल्या, भिंतीला लावून नीट ठेवल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पाहू दे ना गा, माह्यावालं चालणं."

मी म्हणालो, "बाबा, बाहेरच्या व्यक्तींना आत प्रवेश नसतो."

खोटं होतं. एका मित्राचे वडील, सफारीतले डॉक्टर, आतच बसलेले होते. आणि हे वाक्य मी छापील मराठीत बोललो. जन्मात कधी बाबांशी तसं बोललो नव्हतो. मित्र ऐकत होते ना... मला लाज वाटली – धोतराची, बोलण्याची आणि त्या पायाची. पडद्यावरचा ऐटबाज माणूस बघून ते सर्वांसमोर 'हा मी कसा' म्हणतील, याचीही भीती वाटली.

बाबांच्या ते लक्षात आलं. कारण तेही माझ्याशी तसंच बोलले. "हो, बरोबर आहे. नियम असतात," म्हणाले. एक हात भिंतीला टेकून वाकले, चपलेचा अंगठा बोटांनी धरून डावं पाऊल आत सरकवलं. मग उजवं. वेळ लागला. मी मदत केली नाही. पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "येतो बरं."

दहाच्या एसटीनं ते निघाले असणार.

माझा नंबर सव्वाअकराच्या सुमारास लागला. लॅबमध्ये परीक्षक, गाइड सर, दोन मित्र, ते डॉक्टर आणि मी. प्रोग्राम सुरू केला. हिरवा माणूस डावीकडून आला, ऐटीत चालत उजवीकडे गेला, बाहेर पडला. आता प्रोग्राम संपायला हवा होता. पडदा रिकामाच राहिला. मी की-बोर्डकडे हात नेला...

आणि तो परत आला. उजव्या कडेनं, डावीकडे तोंड करून. डावीकडे तोंड केलेलं चित्र मी कधी काढलंच नव्हतं. लंगडत होता. डावं पाऊल टाकताना मांडीवर हात, जरासा खाली. पडद्याच्या मधोमध येऊन थांबला. वाकला. एक हात हवेत टेकला, जणू तिथे भिंत आहे. दुसऱ्या हातानं पायाशी काहीतरी धरलं, डावं पाऊल पुढे सरकवलं. मग उजवं. उभा राहिला आणि तसाच लंगडत डाव्या कडेनं बाहेर गेला.

मग प्रोग्राम संपला.

"चप्पल पहन रहा है क्या?" परीक्षक खुश होऊन म्हणाले. "बहोत बढिया! व्हेरी नॅचरल!" गाइड सर माझ्याकडे बघत राहिले. मी ड्राइव्हमधून फ्लॉपी काढून घेतली.

दुपारी गावाकडून निरोप आला. एसटी काटोलला पोचल्यावर कंडक्टरनं बाबांना उठवायचा प्रयत्न केला. ते उठले नाहीत. नेमकं कधी गेले ते कोणालाच कळलं नाही. शेजारच्या सीटवरच्या बाईंना वाटलं, झोपलेत.

प्रोग्रामची प्रत्येक ओळ मी नंतर तपासली. परत येण्याची ओळ नाही. वाकण्याची चित्रं नाहीत, ती कुणी काढलीच नव्हती. आणि बाबा तसे वाकले ते त्याच सकाळी, फ्लॉपी हातातून गेल्यावर दोन दिवसांनी. ती फ्लॉपी शेकडो वेळा चालवली. माणूस उजवीकडे जातो, प्रोग्राम संपतो. गाइड सर म्हणाले, मेमरीत जुन्या आकड्यांचा कचरा राहिला असेल. राहतो, मलाही माहीत आहे. पण कचरा असा भिंतीला हात टेकून वाकत नाही हो. त्या परीक्षेत मला पहिला नंबर मिळाला, तोही त्या चपलेसाठी. पुढे मी ते क्षेत्रच सोडलं.

आता ती फ्लॉपी कुठल्याच मशीनमध्ये चालत नाही. ग्राफपेपर अजून आहेत, पिवळे पडलेत. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, कोणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाद घालणार नाही. मला एवढंच ठाऊक आहे की बाबा 'येतो' म्हणाले आणि आले. दारात उभे होते तेव्हा त्यांना 'आत या' म्हणायचं मात्र मला जमलं नाही.