बाटलीमामाची ठकी

शर्यतीचे घोडे पैदा करणाऱ्या त्या फार्मवर बाटलीमामाला ओळखत नाही असं कोणी नव्हतं. नव्याने कामाला लागलेल्या माणसाला मात्र वाटायचं, हा मामा संध्याकाळी पिऊन पडत असणार. तो दोन दिवस दबकून वागायचा आणि मग कोणीतरी हसत हसत त्याला खरी बाटली दाखवायचं. ती दुधाची होती, लांबलचक रबरी बोंडाची, आणि मामा स्वतः चहाच्या पलीकडे कधी गेला नव्हता.

व्यायला झालेल्या घोड्या आणि त्यांची शिंगरं हा मामाचा प्रांत. शर्यत बघायला जाणाऱ्याला घोडा दिसतो तो थेट मैदानात, पाठीवर रंगीत सदऱ्यातला जॉकी घेऊन. त्याआधी हा घोडा कोणाच्या तरी पायात घुटमळला होता, गोचीड चावली म्हणून रुसला होता, हे कोणाच्या गावीही नसतं. मामाला ते रोजचंच होतं. घोडीच्या कानांवरून तिच्या पोटात कळ आली की राग आला, हे तो सांगायचा, आणि चुकला तर आपणच आधी हसायचा.

एका सकाळी फार्मवरची नावाजलेली घोडी व्याली आणि रक्तस्राव काही केल्या थांबेना. जनावरांच्या डॉक्टरीणबाई कोपरापर्यंत हात भरून झटल्या, पण घोडी गेली. मागे राहिली एक ओली, थरथरणारी मादी शिंगरू, नुसते पायच पाय. मामाने तिला गोणपाटाने पुसलं आणि तिथल्या तिथे बारसं करून टाकलं, ठकी.

पाजायला दुसरी घोडी मिळाली नाही. डॉक्टरीणबाईंनी मामाला बजावलं, "मामा, बाटली फक्त सुरुवातीला. मग दूध बादलीत. बादली कुंपणाला टांगायची आणि मागे न बघता निघून यायचं. लाड नाहीत. आणि जरा उभारी धरली की तिला घोड्यांत सोडायची."

मामाने मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय!

बादली टांगून तो निघाला की ठकी अशी काही हाक मारायची, की याचा पाय पुढे पडायचा नाही. "अजून लहान आहे हो," असं म्हणत म्हणत बाटली चालूच राहिली. दुपारी मामा गवताच्या गंजीला टेकला की ठकी त्याच्या मांडीवर डोकं टाकून घोरायची. पुढे एक खेळ सुरू झाला. मामाने स्वतःच्या खांद्यावर थाप मारली, की ठकी मागच्या पायांवर उभी राहून पुढचे दोन्ही खूर त्याच्या खांद्यांवर ठेवायची. लोक कामं टाकून बघायला यायचे. मॅनेजरनेसुद्धा हौसेने फोटो काढला होता.

मामाची बायको चंदीच्या खोलीत घोड्यांचं खाणं कालवायची. ती खिडकीतून म्हणायची, "अहो, पोटच्या लेकीला कधी असं अंगाखांद्यावर खेळवलं होतंत का? तेव्हा म्हणे पाठ दुखायची."

"तेव्हा खरंच दुखायची," मामा म्हणायचा.

ठकी वाढली. वर्षाच्या आसपासची शिंगरं बघायला, कोणती पुढे शर्यतीसाठी तयार करायची ते ठरवायला ट्रेनर आला. रुबाबदार, मोजकं बोलणारा माणूस. तो ठकीच्या कोठडीत शिरला, तिने त्याला आनंदाने हुंगलं, आणि पुढचे दोन्ही खूर उचलून त्याच्या खांद्यांवर ठेवले. आता ती काही तान्ही राहिली नव्हती. ट्रेनर भिंतीवर आदळला आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं.

"मारकी आहे," मॅनेजर म्हणाला. फोटो काढल्याचं तो सोयीस्करपणे विसरला होता. "शर्यतीच्या घोड्याला रोज नवा हात लागतो. कोणी खोगीर घालणार, कोणी नाल ठोकणार, कोणी वर बसणार. हिच्याजवळ जाईल कोण? पुढच्या खेपेला ट्रेनरने घेतली तर ठीक, नाही तर काढून टाकू."

काढून टाकणे म्हणजे काय, हे मामाला चांगलं ठाऊक होतं. मारकं म्हणून नाव पडलेल्या जनावराला गिऱ्हाईक नसतं. शेवटी डॉक्टरीणबाईंची सुईच उरते.

तो डॉक्टरीणबाईंकडे गेला. "बाई, मारकी नाही हो ती. माझ्याशी खेळते तशीच त्यांच्याशी खेळली. मीच शिकवलं."

बाई त्याच्यावर चिडल्या नाहीत, आणि तेच त्याला जास्त लागलं. "मामा, तिला वाटतं ती माणूस आहे. घोडा असतो कसा, ते तिला घोड्यानेच शिकवायला हवं. मागच्या कुरणातल्या म्हातारीकडे सोडू. आणि तुम्ही तिच्या दृष्टीला पडायचं नाही."

म्हातारी म्हणजे वय होऊन वेत बंद झालेली, जगावर वैतागलेली घोडी. तिच्या वाटेला वळू घोडेसुद्धा जायचे नाहीत. ठकी कुरणात शिरली आणि सवयीप्रमाणे लाडात येऊन, दोन पायांवर उभी राहून तिच्या अंगावर गेली. म्हातारीने शांतपणे पाठ फिरवली आणि अशी लाथ हाणली, की आवाज चंदीच्या खोलीपर्यंत आला. खिडकीशी लपून बसलेला मामा ताडकन उठला. बायकोने त्याची बाही धरली.

"बसा खाली. माहेरचे लाड संपले. आता सासूला तिचं काम करू द्या."

मामा बसला, पण पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा तडफडत होता. ठकी कुंपणाशी उभी राहून हाका मारत राहिली. मामाने जायची यायची वाट बदलली, काम मागून घेतलं ते पार दुसऱ्या टोकाला, वळूंच्या बाजूला. जेवणावरचं त्याचं लक्ष उडालं.

एकदा मात्र फाटकाशी गाठ पडलीच. ठकीने त्याला बघितलं, धावत आली आणि आडव्या बांबूवरून खूर टाकायला उभी राहिली. मामाने आयुष्यात पहिल्यांदा जनावरावर हात उगारला. तिच्या छातीवर फाडकन चापट मारली आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "हट! चल मागे!"

ठकी मागे सरली. तिला काहीच कळलं नव्हतं. मामा चंदीच्या खोलीत आला आणि पोत्यांच्या आड बसून धाय मोकलून रडला. बायकोने दार लोटून घेतलं आणि भुसा कालवत राहिली.

म्हातारीने मात्र आपलं काम चोख केलं. कोणाच्या किती जवळ जायचं, कोणी कान पाडले की मागे कसं व्हायचं, चरताना कोणाचा मान आधी, सगळं तिने चावून, ढुशा देऊन ठकीच्या गळी उतरवलं. ठकी इतर शिंगरांबरोबर दौडू लागली, आणि दौडली की सगळ्यांच्या पुढे. एका दुपारी मामा चुकून कुरणाच्या कडेने गेला. ठकीने मान वर केली, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. हेच तर हवं होतं त्याला. तरी घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

ट्रेनर पुन्हा आला. बरा झालेला खांदा जरा मागेच ठेवून तो ठकीसमोर उभा राहिला. खिडकीमागे मामाचा जीव टांगणीला लागला होता. ठकीने ट्रेनरचा हात हुंगला आणि अदबीने एक पाऊल मागे घेतलं. त्याने तिचे चारही पाय उचलून पाहिले, चालवून पाहिली, पळवून पाहिली. "पाठवा," तो म्हणाला.

तिला न्यायला ट्रक आला त्या सकाळी म्हातारी कुरणातून केकाटत होती. ट्रेनरच्या, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने ठकीला फळीवरून सहज आत चढवलं. खाली उतरून हात झटकत तो मामाला म्हणाला, "गुणाची आहे हो पोर. उगीच कोणाच्या अंगचटीला जात नाही. कोणी वाढवली?"

"त्या म्हातारीने," मामा कुरणाकडे बोट दाखवत म्हणाला.

"मग तुम्ही या की जरा वर. जाताना हात फिरवा तिच्या पाठीवरून."

मामाने पाऊल उचललं होतं, ते खाली ठेवलं.

"नको," तो म्हणाला. "ओळखेल."

मोतद्दाराला यातलं काय कळणार! त्याने खांदे उडवले आणि फळी वर ओढली. मामा ट्रकच्या मागून फिरून अशा बाजूला जाऊन उभा राहिला, की फटीतून त्याला ती दिसत होती आणि तिला तो दिसत नव्हता. ट्रक हलेपर्यंत तो तिथून हलला नाही.